माळावरचा प्रत्येक चौकोन गढी नसतो: हवाई फोटो वाचताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडचा एखादा माळ गुगल अर्थवर उघडला की कुणाला ना कुणाला तिथे खंदक दिसतोच. एका अंगाला राजहंसगड, बेळगाव शहरात भुईकोट किल्ला. मन लगेच तिकडे धावतं.

पहिला घोटाळा डोळ्यांचा. बरेच उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास फोटो घेतात. वर्षाचा बराच काळ तेव्हा ऊन आग्नेयेकडून येतं आणि सावली फोटोत वर, डावीकडे पडते. आपल्या नजरेला मात्र उजेड वरून येण्याची सवय. म्हणून उंचवटा खड्डा वाटतो आणि चर बांधासारखा दिसतो. फोटो उलटा फिरवा, सावली आपल्याकडे येऊ द्या, मग बघा. शेजारी एखादं झाड असेल तर त्याच्या सावलीवरून दिशा पक्की करा.

महिनाही तपासा. बेळगाव साधारण १६ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सूर्य खूप उंच असतो आणि सावल्या आखूड पडतात. त्या फोटोत काही दिसलं नाही म्हणून जागा सोडू नका. हातभर उंचीचा बांध डिसेंबर-जानेवारीच्या तिरप्या उन्हात उठून येतो. बुजलेला चर हवा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा: जांभ्यावरच्या (तांबड्या सच्छिद्र दगडावरच्या) बोटभर मातीतलं गवत लवकर वाळतं, चरातली माती ओल धरते आणि हिरवा पट्टा उरतो. पण जांभ्याच्या भेगांतही अशीच हिरवळ येते. तिथल्या रेषा वाकड्यातिकड्या, कुठेही फुटणाऱ्या असतात.

सरळ कडांचा खोल चौकोन बहुधा चिऱ्याची, म्हणजे बांधकामाला जांभ्याचे ठोकळे कापून काढलेली खाण. उताराला आडवे, सारख्या अंतरावरचे चर पाणी अडवायचे. लागवडीला वेढा घालणारा चर गुरं आत येऊ नयेत म्हणून मारलेला. आत झाडं ओळीत दिसली की विषय संपला. गोल जागा आणि आत दाट हिरवं गवत असेल तर धनगर गवळ्यांच्या उठून गेलेल्या वाड्याची, म्हणजे गुरांसकट वस्तीची शक्यता धरा, शेणखताचा कस बरीच वर्षं टिकतो. मला तर अशी जागा गढीपेक्षा मोलाची वाटते, पण तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

जुना फोटो न बघता काळ ठरवू नका. अमेरिकेच्या कोरोना हेर उपग्रहांचे १९६० ते १९७२ मधले फोटो १९९५ साली खुले झाले. मोठा चर त्यांत नसेल तर तो बहुधा नंतरचा. लहान चराला हा नियम लावू नका, सुरुवातीच्या फोटोंत तेवढे बारकावे नाहीत. आणि चर दिसला तरी तो शिवकालीन ठरत नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात मजुरांकडून रस्त्या-तलावांची कामं करवून घेतली होती.

ड्रोन न्यायचा असेल तर बेळगावचा कॅम्प (लष्करी भाग) आणि सांबऱ्याच्या विमानतळाच्या आसपास आधी ड्रोन-परवानगीचा नकाशा बघा.

गावात "हा किल्ला काय?" असं विचारलंत तर पाहुण्याचं मन राखायला "होय की" म्हणतील. "हे कुणी खणलं, कशाला?" असं विचारा. गुरं राखणाऱ्याला आधी. मग सर्व्हे नंबर काढून पहाणी उतारा (कर्नाटकातला सातबारा) बघा. रान वनखात्याचं निघालं तर चर त्यांच्या लागवडीचा असू शकतो, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.