वीस वर्षांनी चौथा भाग: जुना उड्या मारायचा गेम पुन्हा उभा करायचा तर

२००२ ते २००४ या काळात आम्ही तिघा मित्रांनी अमळनेरात एका गेमचे तीन भाग केले. नायक म्हणजे केळीचे घड वाहणारा पोरगा. रावेर-सावद्याकडून दिल्लीला निघालेल्या मालगाडीच्या डब्यांवरून तो पळतो, उड्या मारतो, मुकादमाला चुकवतो. व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) मध्ये कोड, पेंटमध्ये चित्रं, आणि फ्लॉपीवरून प्रसार. गावातल्या चार सायबर कॅफेंत तो चालला, एवढीच त्याची कीर्ती. (१९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि पुढे त्याची विप्रो झाली, त्यामुळे अमळनेरातून काहीही निघू शकतं यावर आमचा विश्वास आहे.)

सध्या मी चौथा भाग करतोय. दिवसा दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती, रात्री गेम. भाचा चित्रं काढतो. तुमचाही असा जुना गेम असेल, किंवा कुणाच्या जुन्या मालिकेचा नवा भाग करायची रीतसर परवानगी मिळाली असेल, तर माझ्या चुका तुम्हाला फुकटात मिळतील.

पहिली चूक: मी चित्रांपासून सुरुवात केली. भाच्याने महिनाभर खपून डबे, रूळ, केळीचे घड असे रंगवले की पाहत राहावं. मग जुन्या कॅफेत पडीक असायचा तो मित्र दुकानात आला. त्याच्या हातात कीबोर्ड दिला. तीन उड्या मारून त्याने तो खाली ठेवला. ‘भो, हाई उडी आपली नही शे.’

झालं. महिना पाण्यात.

म्हणून आधी जुना गेम शोधा आणि चालवा. आठवणीवर जाऊ नका, आठवण उडीची उंची हमखास वाढवून सांगते. आमच्या सात फ्लॉपींपैकी पाचांना बुरशी लागली होती. पण तिसऱ्या भागाची चालती फाइल एका जुन्या सीडीवर सापडली, आणि व्हीबी ६ ला लागणारी मूळ फाइल विंडोजमध्ये आजही असते, त्यामुळे गेम एका क्लिकवर उघडला. सोर्स कोड मात्र फक्त पहिल्या भागाचा मिळाला, तोही प्रिंटआउटवर, कॉलेजच्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये टाचलेला.

त्या कागदावर उडी होती. सूत्र नव्हे, आकड्यांची एक रांग: १६, १४, ११, ९, ७, ४, २, १. टायमरच्या प्रत्येक ठोक्याला पोरगा एवढे पिक्सेल वर जायचा. बेरीज ६४, म्हणजे १६ पिक्सेलच्या चार चौकटी. बाकी सगळं सोडून दिलं तरी चालेल, ही रांग आमची मालिका आहे. तुमच्याकडे कोड नसेल तर मोबाइलने स्क्रीनचं सेकंदाला ६० फ्रेमचं शूटिंग करा, मग एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा: पाय सुटल्यापासून शेंड्यापर्यंत किती फ्रेम, शेंड्यापासून जमिनीपर्यंत किती. बटण लवकर सोडलं तर उडी आखूड होते का? हवेत दिशा बदलता येते का? पळत मारलेली उडी उभ्याने मारलेल्या उडीपेक्षा उंच जाते का? या चार-पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. ती वही मिळेपर्यंत चित्रकाराला सुट्टी द्या.

आता रांगेचं सूत्र करायचं. उंची आणि शेंड्यापर्यंतचा वेळ माहीत असला की गुरुत्व म्हणजे दोन गुणिले उंची, भागिले वेळेचा वर्ग. आणि सुटतानाचा वेग म्हणजे दोन गुणिले उंची, भागिले वेळ. आमची उंची ६४ पिक्सेल, वेळ ०.४४ सेकंद. गुरुत्व आलं साधारण ६६१, वेग २९१. मी गेम बनवायला गोडो इंजिन वापरतो, ते फुकट आणि मुक्त आहे. त्यात टू-डीचं गुरुत्व मुळात ९८० धरलेलं असतं, ते तसंच ठेवू नका. गोडोवाल्यांनी तुमचा जुना गेम खेळलेला नाही.

आकडे बरोबर टाकूनही पोरगा चार चौकटींच्या फळीवर चढेना. दोन रात्री गेल्या. कारण असं निघालं की मी प्रत्येक फ्रेमला आधी वेग कमी करत होतो आणि मग जागा बदलत होतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर या क्रमाने उडीचा शेंडा जवळजवळ अडीच पिक्सेल खाली राहतो. फ्रेमच्या आधीचा आणि नंतरचा वेग यांची सरासरी घेऊन जागा बदलली, आणि चढला बापडा.

पण ०.४४ सेकंद हा आकडा आला कुठून? खरं दुखणं तिथेच होतं. टायमरला आम्ही ३० मिलिसेकंद दिले होते. विंडोज ९८ चं घड्याळ सेकंदाला साधारण १८ च ठोके द्यायचं, म्हणजे ३० मागितले तरी ५५ मिळायचे. एक्सपीवर तोच टायमर ३१ च्या आसपास वाजायचा. एकच फ्लॉपी, पण एक्सपीवर गेम जवळजवळ पावणेदोन पट पळायचा! स्टेशनजवळच्या कॅफेत ९८ होतं, बाजारातल्या कॅफेत एक्सपी. त्यामुळे गावात आजही दोन पंथ आहेत. एकाला आठवतो निवांत गेम, दुसऱ्याला आठवतो जीव खाणारा गेम, आणि दोघंही खरं बोलतात.

हे फक्त आमचंच नाही. १९९१ चा पहिला सोनिक, तो सुसाट पळायचा प्रसिद्ध गेम, युरोपातल्या ५० हर्ट्झच्या टीव्हीवर सुमारे १७ टक्के मंद चालायचा, संगीतासकट. तिकडच्या पोरांचा ‘खरा’ सोनिक तोच. तेव्हा तुमचे जुने खेळाडू कोणत्या यंत्रावर खेळले ते विचारा. मी सेटिंगमध्ये दोन नावं ठेवलीत: ‘अठ्ठ्याण्णव’ आणि ‘एक्सपी’. लेव्हल आखताना मात्र एकच वेग धरा, नाहीतर वेडे व्हाल. मी अठ्ठ्याण्णव धरला, कारण तो कागद त्या यंत्रावर लिहिलेला होता.

मोठ्या कंपन्याही इथेच ठेचकाळतात. २०१० चा सोनिक ४ दिसायला झकपक होता, पण धावणं आणि उडी जुन्यांच्या हाताला लागेना, लोकांनी फार नावं ठेवली. २०१७ ला सोनिक मेनिया आला. त्यामागचा क्रिश्चियन व्हाइटहेड हा मुळात चाहता, स्वतःचं इंजिन लिहून त्याने २०११ ला सोनिक सीडी नव्या यंत्रांवर आणला होता. मेनियात ओळखीच्या जागेचा पहिला अंक बराचसा जुना वाटतो, दुसऱ्या अंकात ते पायाखालची सतरंजी ओढतात. केमिकल प्लांट नावाच्या जागेच्या शेवटी तर पळापळ सोडून रंगीत गोळ्या जुळवायला लावतात. २००८ च्या मेगामॅन ९ ने ८-बिट रूप घेतलंच, वर जुन्या यंत्राची स्प्राइट (पडद्यावरची हलती चित्रं) लुकलुकण्याची खोडसुद्धा पर्याय म्हणून ठेवली. क्रॅश बँडिकूटच्या २०१७ ला नव्याने काढलेल्या त्रयीत तिन्ही गेमना तिसऱ्या भागाची हाताळणी लावली, आणि पहिल्या भागातल्या उड्या जुन्या लोकांना जड गेल्या. मालिकेतल्या कोणत्या भागाची उडी घ्यायची हे तुम्हालाही ठरवावं लागेल. तिन्हींची सरासरी काढू नका. सरासरीची उडी कुणाच्याच बोटात नसते.

स्क्रीनचं गणित. जुना गेम ३२० बाय २४०, म्हणजे उभ्या १५ चौकटी. आजच्या १९२० बाय १०८० वर पिक्सेल न फाटता बसवायचं तर ३२० बाय १८० घेऊन सहा पट करता येतं, पण मग उभ्या सव्वाअकराच चौकटी उरतात. चार चौकटींची उडी मारली की डोकं वर टेकतं आणि खालचा खड्डा दिसत नाही. मी ३८४ बाय २१६ घेतलं, पाच पट. साडेतेरा चौकटी मिळतात. तरीही जुन्या लेव्हल जशाच्या तशा बसत नाहीत, आलेखाच्या वहीवर पुन्हा काढाव्या लागतात. वहीच वापरा. आमच्याकडे मे महिन्यात लॅपटॉप आणि माणूस दोघंही दुपारी हँग होतात, वही होत नाही.

नवीन काय घालावं? माझं मत: लेव्हलला एक नवी गोष्ट, त्यापेक्षा जास्त नाही. आधी ती सुरक्षित जागी दाखवा, मग खड्ड्यावर, मग जुन्या ओळखीच्या अडचणीत मिसळून. मी वैशाखातली सखाराम महाराजांची यात्रा घेतली, बोरी नदीच्या पात्रात, फिरत्या आकाशपाळण्यासह. पाळण्याच्या खुर्च्या म्हणजे गोल फिरणाऱ्या फळ्या. इथे गोडोची एक खोड सांभाळा: हलत्या फळीवरून पाय सुटला की फळीचा वेग तो आपणहून उडीत मिळवतो. वर जाणाऱ्या खुर्चीवरून आमचा पोरगा थेट ढगात. जुन्या गेममध्ये असं नव्हतं, म्हणून ते बंद केलं. सेटिंगमध्ये तसा पर्याय आहे.

एक सूट मात्र मी नव्याने दिली. फळीची कड सुटल्यावरही सहा फ्रेमपर्यंत उडी लागू पडते, आणि जमिनीला टेकायच्या जरा आधी बटण दाबलं तरी ते धरलं जातं. जुने खेळाडू आता चाळिशीत आहेत. बोटं तीच, पण निरोप उशिरा पोचतो. त्यांना हे सांगू नका, ‘अजून हात बसलेला आहे’ म्हणून खूश होतात.

हक्कांचं आधी मिटवा. आम्ही तिघंही हयात आणि बोलते आहोत, तरी कागदावर लिहून सह्या घेतल्या: नाव कुणाचं, चित्रं कुणाची, पैसे आलेच तर वाटणी कशी. दुसऱ्या भागात आम्ही बिनधास्त एका सिनेमाच्या गाण्याची धून वाजवली होती. ती काढून गल्लीतल्या बँडवाल्याकडून नवी करून घेतली, पैसे देऊन. दुसऱ्याच्या मालिकेला हात लावणार असाल तर जास्त जपा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो आणि हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. कंपनीने गेम सोडून दिलाय म्हणजे तो बेवारस झाला असं नाही. १९९१ च्या मेट्रॉइड २ चा एक सुंदर रीमेक एका चाहत्याने वर्षानुवर्षं खपून केला, ऑगस्ट २०१६ ला सोडला, आणि निनटेंडोच्या कायदेशीर मागणीमुळे तो लगेच उतरवावा लागला. आधी पत्र लिहा, मग कोड.

चाचणी घेताना तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात अवघड. खेळणारा चुकीकडे निघाला की आपल्या तोंडून ‘अरे वरून’ निघतंच. मी चहा करायला आत जातो आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवतो. परत येऊन एवढंच पाहतो की कुठे मेला, किती वेळा मेला आणि कधी कीबोर्ड सोडला. एकाच जागी तिघं सोडून गेले तर ती जागा बदला. मेले पण सोडलं नाही, तर हात लावू नका.

बाहेर काढायचं तर कॉम्प्युटरसाठी इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर फुकट टाकता येतं, स्टीम या गेमच्या दुकानाला दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. आमच्या भागात खेळणारे मोबाइलवर, म्हणून मी प्ले स्टोअरही धरलं: खात्याचे एकदाच २५ डॉलर, आणि नव्या वैयक्तिक खात्याला सध्या आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. टचची बटणं अंगठ्याखाली झाकली जातात, ती दिसतात त्यापेक्षा मोठी धरा.

अकरा जण गल्लीतच मिळाले. बारावा म्हणून बाजारातल्या कॅफेच्या जुन्या मालकाला फोन केला. आता त्याचं शेवभाजीचं हॉटेल आहे. ‘येतो,’ म्हणाला, ‘पण आधी सांग, गेम पळतो ना?’ मी त्याला एक्सपी लावून दिला.