थंडीत घराचं काम काढताय? आधी अंगणात नळ घ्या

सगळ्यात आधी अंगणातला नळ. मीटरनंतर लगेच, घराचं पाणी बंद करायच्या मेन कॉकच्या अलीकडे टी (पाइपला फाटा काढायचा जोड) टाकून तो बसवून घ्या. आत काहीही तोडलं, मेन कॉक बंद केला, तरी त्याला पाणी आलं पाहिजे.

गेल्या डिसेंबरात गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या घराची न्हाणी आणि स्वयंपाकघर एकदम काढलं तेव्हा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाइप तुटला, मेन कॉक बंद झाला. टाकीची लाइनही त्याच भिंतीतून, म्हणजे तीही गेली. चार दिवस शेजारच्या वहिनींच्या विहिरीवरून कळश्या आणल्या. प्यायला-रांधायला पुरलं, नव्या गिलाव्यावर मारायला उरलं नाही. गिलावा निदान ७ दिवस ओला राहायला हवा आणि थंडीत इथला सकाळचा वारा कोरडा, दुपारपर्यंत भिंत पांढरी पडते. आमच्या भिंतीला भेगा गेल्या, सगळा गिलावा खरवडून पुन्हा करावा लागला. त्या खर्चात असे कितीतरी नळ बसले असते. प्लंबर म्हणेल, "नंतर बघू." नंतर नाही. हातोडा पडायच्या आधी नळ.

झाकणाचा एक मोठा पिंप रोज रात्री त्याच नळावर भरून ठेवा.

विजेचं काम वायरमनकडूनच. कामगारांच्या कटरला आणि तुमच्या दोन दिव्यांना मीटरजवळ तात्पुरता वेगळा बोर्ड, त्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद पडणारा स्विच. ओल्या भिंती, उघड्या वायरी आणि बादलीत हीटरचा रॉड हे एकत्र कधीच नको. सासूबाई सत्तरीच्या, त्यांना गार पाण्याने आंघोळ चालत नाही. परसात तीन दगडांची चूल मांडली, वर पाणी तापवायचं भाण ठेवलं. लाकडं आधीच आणून झाकून ठेवा, पहाटेच्या दंवाने भिजतात.

एक खोली शाबूत ठेवा, कौलांसकट. म्हाताऱ्यांना आणि मुलांना तिथेच झोपवा. दाराला ओली चादर लावा, फरशी कापतानाची धूळ छातीत बसते. संडास दोन असतील तर एका वेळी एकच तोडा. एकच असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोला, आयत्या वेळी नको.

तारखा विचारा. नाताळ ते नवीन वर्ष, मग संक्रांत, माघात मंगेशीची जत्रा. मिस्त्री गावी गेला की आठवडा गेलाच. पाइप उघडा टाकून कुणालाही जाऊ देऊ नका. निदान बूच मारून घ्या आणि अंगणातला नळ चालतोय का ते त्यांच्यासमोर सोडून बघा.

गॅस, औषधं, टॉर्च वगैरे तुम्हाला ठाऊक आहे. न्हाणीत पाणी तुंबवून गळती बघितल्याशिवाय फरशी नको. रंग शेवटी, भिंती सुकल्यावर. नळ काम संपल्यावरही काढू नका, माडाला पाणी घालायला होतो.