वादळाआधी छप्पर: गावी येऊन राहिलेल्या काका-अण्णांनो, या चुका टाळा

मी कोकणात छपरांची आणि पत्र्याच्या शेडची कामं करतो. मेचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन थांबत नाही. पलीकडे बहुतेक वेळा मुंबई-ठाण्यातली नोकरी संपवून गावी स्थायिक झालेले चाकरमानी असतात. "टीव्हीवर वादळ दाखवतायत हो, उद्या येऊन जरा छप्पर बघता का?"

उद्या! निसर्ग वादळ १ जून २०२० ला समुद्रात आकार घेऊ लागलं आणि ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर येऊन आदळलं. दोन दिवसांत मी किती घरं करणार? तौक्तेने तर २०२१ मध्ये मेच्या मध्यावरच गाठलं. आणि पावसाळा गेला म्हणून सुटलो म्हणणाऱ्यांनी २००९ चं फयान आठवावं, ते नोव्हेंबरात आलं होतं. छपराचं काम दिवाळीनंतर काढायचं आणि होळीच्या आत संपवायचं. त्यानंतर फोन केलात तर मी येईन, पण कुरकुरत येईन.

आता माझ्या डोक्यात जाणारी सगळ्यात मोठी चूक. गच्चीवरची पत्र्याची शेड.

स्लॅब गळतो म्हणून वर शेड घालायची, हे कोकणात आता घराघरात झालंय. त्याला माझी ना नाही. पण ती शेड स्लॅबला नीट जखडलेली नसते. पैसे वाचवायला पाइपाचे खांब विटांच्या कठड्यात रोवतात, वर सिमेंटचा गोळा लावतात, झालं. अशी एक शेड मी स्वतः उभी केली आहे, सांगायला लाज वाटते. श्रीवर्धन तालुक्यातलं घर, काका बँकेतून निवृत्त झालेले. मी म्हटलं, खांबांना बेसप्लेट, म्हणजे तळाशी लोखंडी प्लेट लावू, आणि ती जखडायला स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारू. ते म्हणाले, "स्लॅबला भोकं पाडलीस तर गळेल, मग शेडचा उपयोग काय?" वर आणखी एक हट्ट: पावसाची झड नको म्हणून तीन बाजू पत्र्याने बंद, आणि समुद्राची हवा लागावी म्हणून पश्चिमेची बाजू उघडी. तिथे झोपाळा टांगायचा होता त्यांना. मी ऐकलं. गिऱ्हाईक वयाने मोठं, पैसे रोख, आणि मीही तेव्हा काही वाईट बघितलेलं नव्हतं.

३ जूनच्या दुपारी वारा फिरला आणि समुद्राकडून आत घुसला. तीन बाजू बंद, म्हणजे आत गेलेला वारा बाहेर पडणार कुठून? शेडची पिशवी झाली. खालून वारा ढकलतोय, वरून पत्र्याला ओढतोय. शेड कठड्याच्या विटांसकट उचलली गेली आणि शेजारच्या वाडीत पोफळींवर जाऊन पडली. माणसं खाली माजघरात होती म्हणून वाचली. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या आडव्या पाइपाला लटकत होत्या, तो पाइपही वाडीतच.

त्यानंतर मी हिशेब शिकून घेतला. ताशी १२० किलोमीटरचा वारा ढोबळमानाने चौरस मीटरला ६८ किलोचा जोर लावतो. ती शेड वीस बाय तीस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. जवळजवळ पावणेचार टनांची उचल, आणि पत्रे-सांगाडा मिळून वजन टनभरसुद्धा नव्हतं. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. "दर पावसाळ्यात ६० चा वारा सहन करते आमची शेड" या वाक्याला म्हणूनच काही किंमत नाही.

आता माझा शिरस्ता ठरलेला आहे. खांब कठड्यात नाही, आतल्या बाजूने स्लॅबवर, शक्यतो खालच्या बीमवर येईल असा. बेसप्लेट, चार अँकर बोल्ट, आणि गळतीची भीती असेल तर प्लेटभोवती काँक्रीटचा छोटा ओटा. बाजू बंद करायच्या तर चारही करा आणि पक्क्या करा, नाहीतर सगळ्या मोकळ्या सोडा. पुढे काढलेला पत्रा फूटभर, त्याहून जास्त नाही. अडीच फूट बाहेर आलेल्या पत्र्याखाली वारा आधी शिरतो. हे मान्य नसेल त्यांनी दुसरा माणूस बघावा. स्वस्तात करणारे भरपूर आहेत.

स्क्रूचंही तेच. पत्रा मधून सहसा सुटत नाही, कडेने, कोपऱ्यातून आणि आढ्यापाशी सुटायला लागतो, आणि नेमके तिथेच स्क्रू वाचवलेले असतात. कडेच्या ओळीत मी प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारतो, मधे एक सोडून एक. मशीन हातात आलेली नवी पोरं स्क्रू इतका आवळतात की रबरी वॉशर फाटतो, मग पुढच्या जूनमध्ये तिथूनच गळती. खाऱ्या हवेत पत्रा धरणारे साधे हुक चार-पाच वर्षांत गंजून जातात. दरवर्षी हाताने हलवून बघा, हललेला बदला. त्यावर डांबर फासून काही होत नाही.

पत्र्यावर चिरे आणि टायर ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. ६८ किलोच्या जोराला एक चिरा काय करणार? तो फक्त कोणाच्या डोक्यात पडायचा एवढंच ठरवायचं बाकी राहतं.

कौलारू घर असेल तर वेळेवर शाकारणी, आढ्यावरचे कोने (माथ्यावरची कौलं) चुन्या-सिमेंटात पक्के, कडेच्या दोन ओळी तारेने रीपेला, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीला, बांधलेल्या. वासे आणि रीपा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आत शिरला तर वाळवी आहे, वर कौल नवं घालून उपयोग नाही. घराला टेकलेली माडाची झापं आणि वाळलेले नारळ उतरवून घ्या, त्यासाठी पाडेली (माडावर चढणारा माणूस) बोलवा, स्वतः गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभं राहून आकडी फिरवू नका.

यावरून दुसरी चूक, आणि इथे मी खरंच चिडतो. साठी-सत्तरीतली माणसं स्वतः छपरावर चढतात. "अरे, लहानपणी मीच शाकारायचो!" लहानपणी तुम्ही चाळीस किलोचे होतात, रक्त पातळ करायची गोळी घेत नव्हतात. जुना सिमेंटचा पत्रा तर वरून धडधाकट दिसतो आणि पाय ठेवला की सरळ खाली. आमची माणसंही त्याच्यावर फळी टाकल्याशिवाय चढत नाहीत आणि पाय टाकतात तो खालच्या लोखंडी अँगलच्या रेषेवर. तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा, वरच्या माणसाला मोबाईलवर फोटो काढायला सांगा आणि ते मोठे करून बघा. चहा पाजलात तर तो चार फोटो जास्त काढेल.

बारीकसारीक: रिकामी प्लॅस्टिकची टाकी उडते, वादळाआधी भरून ठेवा. सोलरचा स्टँड आणि डिश अँटेना जखडा. वारा सुरू झाल्यावर "दाब कमी होईल" म्हणून खिडकी उघडू नका, ती वरची पिशवीची गोष्ट आठवा. पन्हळीतला पाचोळा मेमध्येच काढा.

आणि छपराचे फोटो आत्ताच, धड असताना, चारही बाजूंनी काढून मुलाला नाहीतर सुनेला पाठवून ठेवा. घराचा विमा असेल तर वादळ त्यात आहे का आणि गच्चीवरची शेड घराच्या वर्णनात लिहिली आहे का, दोन्ही विचारून घ्या. श्रीवर्धनच्या काकांकडे फोटो होता तो फक्त झोपाळ्यावर बसलेल्या नातवाचा. पंचनाम्याच्या वेळी त्या फोटोतल्या पाठीमागच्या चार खांबांवरून मी शेड केवढी होती ते समजावून सांगत होतो.