ॲक्सोलॉटल पाळताय? ग्वाल्हेरच्या हवेत या चुका टाळा

ग्वाल्हेरला ॲक्सोलॉटल (पाण्यातच राहणारा, सरड्यासारख्या अंगाचा उभयचर प्राणी) थंडीत घरी आणला तर सगळं सोपं वाटतं. जानेवारीत लष्कर भागातल्या जुन्या वाड्याच्या खोलीत पाणी आपोआप १५-१६ अंशांवर राहतं, पिल्लू भराभर खातं, कल्ले पिसासारखे फुललेले असतात. मार्च सरता सरता तेच पाणी २६ अंशांवर जातं आणि तिथून हाल सुरू होतात. हा प्राणी मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश मानवतात, २० पर्यंत चालतं. २४ च्या वर दिवसेंदिवस राहिला तर तो अन्न सोडतो आणि अंगावर बुरशी धरते. त्यामुळे आधी टाकी घेऊन गारव्याचं नंतर बघू म्हणणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक.

पाण्यावर पंखा लावला की भागतं, असं पुष्कळांना वाटतं. मे महिन्यात कोरडी लू वाहते तेव्हा पंख्याने पाणी दोन-चार अंश उतरतंही. पण जुलैत हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावतं आणि पंखा नुसता फिरत राहतो. घरातला कूलर पावसाळ्यात का चालत नाही, तेच हे कारण. इथे चिलरच, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्रच हवं, आणि तेही एकटं पुरत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर छोटा चिलर दिवसभर धापा टाकतो. खोलीत एसी २४-२५ वर ठेवावा आणि उरलेलं काम चिलरला द्यावं. चिलर बंद कपाटात कोंडू नका. त्याची गरम हवा बाहेर पडायलाच हवी. वीज गेल्यावर लागतील म्हणून पाण्याच्या बाटल्या गोठवून फ्रीजरमध्ये ठेवा. बाटली झाकणासकट टाकीत सोडायची, सुटा बर्फ नाही. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या.

उडून गेलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला, कारण क्षार मागेच राहिलेले असतात. पाणी बदलताना मात्र नुसतं आरओ वापरू नका. ॲक्सोलॉटलला थोडं जड पाणीच मानवतं.

पाणी बदलण्याची चूक इथल्या उन्हाळ्याचीच आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला चटका देतं. ते बादलीभर ओतलं की एका झटक्यात चार-पाच अंशांचा फरक पडतो. पहाटे पाणी भरा, क्लोरीन काढणारं औषध बाटलीवरच्या मापाने घाला, गोठवलेली बाटली सोडा आणि थर्मामीटरवर टाकीइतकंच तापमान दिसल्यावर ओता. आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदललं की पुरे.

टाकी उंच नको, पसरट हवी, कारण तो तळावर चालतो. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि फूटभर पाणी, म्हणजे सुमारे १२५ लिटर, एकासाठी छान. तळाला रंगीत खडे घालू नका. तो तोंड उघडून पाण्यासकट घास ओढतो. गांडुळासोबत वाटाण्याएवढा खडा आत जातो आणि आतड्यात अडकतो. तळ मोकळा ठेवा, नाहीतर एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेती घाला. फिल्टर स्पंजचा घ्या. चिलरच्या पाण्याची धार काचेवर वळवा, अंगावर नको.

प्राणी आणण्याआधी टाकी मुरवायला, म्हणजे विष्ठेतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला, चार ते आठ आठवडे द्या. पाण्यात २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला हवेत. हे काम कोमट पाण्यात लवकर होतं, म्हणून चिलर शेवटी सुरू करा. थंड झाल्यावर पुन्हा तपासा, कारण गारव्यात जिवाणू मंदावतात. सोबत मासे नकोत. ते कल्ले कुरतडतात आणि लहान असले तर हाच त्यांना गिळतो.

मुख्य आहार गांडूळ. पिल्लाला रोज तुकडे करून, वीस सेंटिमीटरच्या प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा एक-दोन मोठी गांडुळं. गांडूळखतातली लाल गांडुळं अनेकदा तो तोंडात घेऊन थुंकून देतो. भूक नाही असं समजू नका. दाबलं की त्यांच्या अंगातून पिवळा कडू द्रव निघतो, त्याची ही नावड. आफ्रिकन जातीची मोठी गांडुळं मागा. लालच मिळाली तर काही सेकंद गरम पाण्यात बुडवून, धुऊन, तुकडे करून द्या. शेतातली, बागेतली गांडुळं औषध फवारलेली असू शकतात, ती टाळा. ब्लडवर्म (डासासारख्या माशीच्या लाल अळ्या) पिल्लांना चालतात, प्रौढाचं पोट त्यावर भरत नाही. चिकन, मटण आणि गोल्डफिश अजिबात नकोत. उरलेला घास अर्ध्या तासात काढा.

कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक आकड्यासारखं वाकलेलं दिसलं की औषध शोधण्याआधी तापमान आणि अमोनिया मोजा. पाणी तापलं आणि पीएच वाढला की तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. अमोनिया शून्य नसेल तर ॲक्सोलॉटलला दहा लिटरच्या टबमध्ये, क्लोरीन काढलेल्या १६-१८ अंशांच्या पाण्यात ठेवा आणि ते पाणी रोज पूर्ण बदला. टाकीतला अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकेपर्यंत तो टबमध्येच बरा.

घेतानाच विक्रेत्याकडून कागद मागा. ॲक्सोलॉटल सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.