आधी बाळ हातात घ्या

वॉर्डात नव्याने आलेल्या डॉक्टरांना मी पहिल्या दिवशी सांगते, स्टेथोस्कोप जरा खिशातच राहू दे. बाळाच्या पोटाखाली तळवा घालून त्याला अलगद पालथं उचला. दिवस भरलेलं निरोगी बाळ क्षणभर तरी मान सावरतं, कोपर-गुडघे दुमडून धरतं. डाऊन सिंड्रोमचं, म्हणजे 21वं गुणसूत्र दोनऐवजी तीनदा असलेलं बाळ बहुतेक वेळा हातावर दोन्हीकडून लोंबतं. चेहऱ्यावर बाळंतपणाची सूज असते, म्हणून पहिल्या तासात माझा भरवसा या सैलपणावर जास्त.

मग डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर चढलेत का, मानेमागची कातडी सैल आहे का, पायाच्या अंगठ्याशेजारी रुंद फट आहे का, ते बघा. आईबाबांचे चेहरेही न्याहाळा. तळहातावर एकच आडवी रेघ दिसली की लगेच निदान नको. ती माझ्या डाव्या हातावरही आहे.

मूठ उघडून बघाच. तर्जनी मधल्या बोटावर आणि करंगळी अनामिकेवर चढलेली, मूठ सुटता सुटत नाही, टाच मागे आलेली, वजन कमी: एडवर्ड्स, म्हणजे 18वं गुणसूत्र तीनदा. फाटलेला ओठ, सहावं बोट, डोक्याच्या माथ्यावर कातडी नसलेला चट्टा असं एकत्र दिसलं तर पटाऊ, 13वं. क्लाइनफेल्टरचं बाळ, म्हणजे जादा X गुणसूत्र असलेला मुलगा, जन्मतः सहसा काहीच दाखवत नाही.

एका मुलीच्या पावलांवरची सूज मी घट्ट मोज्यांची समजले होते. चूक माझी. ती टर्नर होती, म्हणजे दुसरं X गुणसूत्र नसलेली किंवा अपुरं असलेली, आणि तिची महाधमनी अरुंद होती. तेव्हापासून फुगीर पावलं दिसली की जांघेतली नाडी चाचपल्याशिवाय मी पुढे जात नाही.

डाऊनच्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. फुफ्फुसांतला दाब सुरुवातीला जास्त असल्याने मोठ्या छिद्राचाही आवाज येत नाही. म्हणून छाती स्वच्छ ऐकू आली तरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचाच. हिरवी उलटी झाली तर दूध थांबवून सर्जनला बोलवा. थायरॉईडही तपासा.

गुणसूत्रांसाठी रक्त हेपारिनच्या, म्हणजे ते गोठू न देणाऱ्या औषधाच्या नळीत घ्या. पेशी जिवंत हव्यात, कारण प्रयोगशाळेत त्या सुमारे तीन दिवस वाढवून विभागताना थांबवतात. फ्रेंच डॉक्टर जेरोम लेज्यून आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये डाऊनमधलं 47वं गुणसूत्र जाहीर केलं. आज ‘चेहऱ्यावरून कळतंय, तपासणी कशाला’ असं विचारणारे भेटतात. 3-4 टक्के बाळांत जादा 21वं दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. तसं निघालं तर आईबाबांचंही रक्त तपासावं लागतं. पुढच्या बाळाचा धोका त्यावर ठरतो.

संशय आला की रिपोर्टची वाट पाहत गप्प बसू नका. दोघांना एकत्र बसवा, बाळ आईच्या मांडीवर असू द्या, नाव ठेवलं असेल तर नावानेच बोला. अभिनंदन आधी करा. उठताना एका कागदावर लिहून द्या: इकोची तारीख, रिपोर्टचा दिवस, आणि बाळ दूध ओढेनासं झालं किंवा निळं पडलं तर रात्री कुणाला फोन करायचा.