डॉटनेट ६ अन् ८ एकाच लॅपटॉपवर

आमच्या इकडे आयटी पार्कात एका जुन्या क्लायंटचं बिलिंग अजून डॉटनेट ६ वरच आहे (डॉटनेट म्हणजे मायक्रोसॉफ्टचं अॅप बनवायचं प्लॅटफॉर्म), नवीन काम सगळं ८ वर. ८ टाकल्याबरोबर जुन्या प्रोजेक्टचं बिल्ड (कोडपासून अॅप तयार करणं) नवीनच वॉर्निंग फेकायला लागलं, बाजूचा म्हणे काहून डोकं लावतो बे, उडव ना ८. पण उडवायची गरजच नाही, दोन्ही एसडीके (अॅप बनवायच्या साधनांचा संच) आपापल्या फोल्डरात सुखात राहतात, लोचा एवढाच की कमांड मारली की डॉटनेट सगळ्यात नवीन एसडीके उचलतं.

मग जुन्या प्रोजेक्टच्या रूटमध्ये, म्हणजे मुख्य फोल्डरात, ग्लोबल डॉट जेसन (global.json) फाइल टाकली, त्यात ६ चं व्हर्जन लिहिलं अन् रोल-फॉरवर्डला (किती पुढच्या व्हर्जनपर्यंत जायचं ती सेटिंग) लेटेस्ट-फीचर दिलं, म्हणजे ६ च्या आतलंच नवीन चालतं, ८ वर उडी नाही. ही फाइल चालू फोल्डरपासून एकेक फोल्डर वर जात शोधली जाते, म्हणून वरच्या कॉमन फोल्डरात ठेवू नका, खालचे सगळेच प्रोजेक्ट ६ वर अडकतात. आणि हो, तिच्यानं फक्त एसडीके ठरतो, अॅप चालवायला सर्व्हरवर ६ चा रनटाइम (अॅप चालवणारा भाग) लागतोच.

बाकी ६ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२४ मध्येच संपला, क्लायंटला सांगून झालं, तो म्हणतो दिवाळीनंतर पाहू.