बॅटला पिंपल लावायच्या आधी थोडं थांबा

नाशिकच्या सायली वाणी, तनिशा कोटेचा यांची नावं पेपरात दिसायला लागल्यापासून गंगापूर रोडला काय किंवा सिडकोत काय, टेबल टेनिस शिकणाऱ्या मुली वाढल्यात. छानच आहे. वयोगट, रँकिंग स्पर्धा, एन्ट्रीची धावपळ हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते बॅकहँडच्या लाँग पिंपलबद्दल, म्हणजे बॅटच्या त्या बाजूला लावायच्या लांब दाण्यांच्या रबराबद्दल, कारण त्यात माझी ऐन शिकायची वर्षं गेली.

सरांनी माझ्या बॅटला पिंपल लावला तेव्हा मी तेराखालच्या गटात होते. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत पिंपल वापरणाऱ्या मणिका बत्रानं एकेरीचं सुवर्ण जिंकलं आणि मग तर हा शॉर्टकट सगळ्यांनाच दिसायला लागला.

गंमत नीट समजून घ्या. साधं रबर चेंडूला पकडतं. पिंपलचे लांब दाणे वाकतात, पकडत नाहीत, त्यामुळे समोरचीची फिरकी तिलाच परत जाते. तिनं टॉपस्पिन (पुढे फिरणारा चेंडू) मारला की तुमचा साधा ब्लॉक तिच्याकडे बॅकस्पिन (उलटा फिरणारा) होऊन पोचतो आणि तिचा पुढचा फटका नेटमध्ये. तिनं कापून पुश केला, म्हणजे बॅकस्पिन देत चेंडू ढकलला, तर तुमच्याकडून चेंडू हलका टॉपस्पिन घेऊन तरंगत जातो. ती परत पुश करायला गेली की तो उंच उडतो, आणि तुम्ही मारता. बारा वर्षांच्या पोरीला हे वाचता येत नाही. कप येतात, आजी पेढे वाटते, सरांच्या क्लासला गर्दी होते.

सतराखालच्या गटात मात्र मुलींना वाचता येतं. बॅटची एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या रंगाची असावीच लागते, शिवाय मॅचआधी समोरचीला तुमची बॅट हातात घेऊन बघता येते. मग ती फिरकीच नसलेला, संथ, लांब चेंडू मुद्दाम पिंपलवर टाकते. दाण्यांना परत करायला काही नसतंच! चेंडू मध्येच उभा राहतो, ती वळसा घेऊन फोरहँड मारते. तोवर तुमचा स्वतःचा बॅकहँड घडलेला नसतो आणि जागेवर उभं राहून ब्लॉक करायच्या सवयीनं पायही जड झालेले असतात. माझं अगदी हेच झालं.

मणिका हातातल्या हातात बॅट फिरवून साध्या रबरानंही मारते, ते कुणी बघत नाही. २०२४ मध्ये बुसानला आपल्या ऐहिका मुखर्जीनं चीनच्या अव्वल सुन यिंगशाला हरवलं ते अँटीस्पिनच्या, म्हणजे फिरकी न पकडणाऱ्या गुळगुळीत रबराच्या बळावर, असं सगळे म्हणतात. तिच्या फोरहँडबद्दल कुणी बोलत नाही.

आधीच पिंपल लावला असेल तर घाबरू नका, काढायचीही गरज नाही. दोन्हीकडे साधं रबर असलेली एक जुनी बॅट ठेवा आणि निम्मा सराव तिच्यावर करा. मल्टिबॉलला (एकामागोमाग चेंडू टाकून घेतात त्या सरावात) सरांकडून पिंपलवर बिनफिरकीचे चेंडू मागा. टीव्ही बघताना बॅट फिरवत बसा, बोटांना सवय होते. सर नाही म्हणाले तर सर बदला. ज्यांच्या कपाटात फक्त तेराखालचे कप आहेत, त्यांच्याकडे मी माझी भाची पाठवणार नाही. आणि त्यासाठी लगेच मुंबईला बिऱ्हाड हलवायची गरज नाही. मला तर ते खूळच वाटतं. नाशिकला राहूनही मुली इंडियाकडून खेळल्यात.

नोकरीचं म्हणाल, तर भारताकडून खेळणारी श्रीजा अकुला रिझर्व्ह बँकेत आहे, रेल्वे आणि पेट्रोलियम कंपन्याही खेळाडू घेतात, पण तेराखालचे कप बघून नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची क्रीडा खात्याकडून पडताळणी लागते आणि ती अर्जाच्या आदल्या दिवशी होत नाही, तेव्हा फाइल आत्तापासूनच वर्षवार लावून ठेवा.